पाहुण्याला प्रवेश नाही

"डबा दिसतोय, पण उघडत न्हाय," हुस्ना म्हणाली.

फ्लेक्स छापायच्या तिच्या दुकानात काउंटरपलीकडं आकाराम उभे होते. "पोरी, उद्या सकाळी आमच्या मंडळींचं रक्षाविसर्जन हाय. फोटो मिळंल न्हवं?"

"मिळंल की, मामा. बसा."

आकारामांच्या बायकोचा, धोंडुबाईंचा, एकटीचा धड फोटो एकच. नातवाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, शुभेच्छुकांच्या रांगेत बसवायला हुस्नानंच दुकानात काढलेला. तो साठवणीच्या डब्यात, म्हणजे दुकानाच्या सामायिक हार्ड डिस्कवर, होता. कसबा बावड्यातल्या निम्म्या घरांचे चेहरे त्या डब्यात, आणि दुकानातले सगळे कॉम्प्युटर तारेनं त्याला जोडलेले. आज कॉम्प्युटरनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि

प्रवेश नाकारला.

तार काढली, लावली.

प्रवेश नाकारला.

डबा बंद केला, चालू केला.

प्रवेश नाकारला. खाली बारीक अक्षरांत: पाहुणा म्हणून येणाऱ्यास परवानगी नाही.

हुस्ना हसली. खोट सापडली होती. दुकान घरचं, माणसं घरची, म्हणून डब्याला पासवर्ड कधी घातलाच नव्हता. इतकी वर्षं सगळेच बिननावाचे पाहुणे होऊन आत-बाहेर करत होते. नव्या अपडेटला ते चालणार नव्हतं.

तिनं भावाला, अरबाजला, फोन लावून सांगितलं.

"आपा, कॉम्प्युटरचीच ती अट काढून टाक. पयल्यासारखं चालंल."

"आणि वायफाय जोडून कोण बी शिरंल. लोकांच्या लेकीसुनांचे फोटो हायत त्यात."

"मग म्हाताऱ्याला ताटकळत ठेवणार व्हय?"

"तू चहा पाठव. तंवर हुतंय."

डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून तिनं एक नाव तयार केलं, त्याला पासवर्ड दिला, पाहुण्याची वाट बंद केली. कॉम्प्युटरमधली जुनी जोडणी पुसली. नवी केली.

नाव.

पासवर्ड.

एंटर.

वाढदिवसांचा फोल्डर. त्यात नातू, सम्राट. त्यात शुभेच्छुक. त्यात

धोंडुबाई. डोक्यावर पदर, हसू दाबून धरलेलं.

आकाराम पडद्याकडं बघत राहिले.

"खाली चारोळी टाकू, मामा?"

"नगं. तिला लई बोलल्यालं खपायचं न्हाय."

"नावामागं कै. सौ. घालते."

"सौ. तेवढं ठळक घाल."

छपाईचं मशीन सुरू झालं. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. पदराचा काठ आला. कपाळ आलं. कुंकू आलं.

डोळे उमटायला लागले तसे आकाराम दारापर्यंत गेले, चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी परत येऊन मशीनसमोर उभे राहिले.