पंचेचाळीस मिनिटं गप्प

आमच्या तपासणी केंद्रात पेशंटला साखरेची सुई देतात. साखर किरणोत्सारी असते, पण पेशंटने घाबरू नये. घाबरण्याचा पगार मला मिळतो. सुईनंतर पंचेचाळीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागेल तो जास्त साखर ओढतो आणि चित्र बिघडतं. नियम भिंतीवर लावलाय. अक्षर माझंच.

गेल्या महिन्यात त्या खाटेवर बाबा होते.

डॉक्टरांनी समजावलं होतं, "मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक कुंपण असतं. यांचं ते झिजलंय बहुतेक. नको ते आत झिरपतं आणि हवी ती साखर धड पोचत नाही. कुठे किती पोचते ते बघू."

कुंपण घालण्यात बाबांचा हात कोणी धरला नसता. बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने न विचारता लग्न केलं, तेव्हा त्यांनी त्याला घराबाहेर काढलं आणि त्याचं नाव काढायलाही बंदी घातली. आई होती तोवर ती चोरून फोन करायची. मी बंदी पाळली. हल्ली मात्र धाकटाच दर रविवारी फोन करायचा, "दादा, काही म्हणाले का रे?" बाबा सहा महिने 'पाणी' आणि 'नको' यापलीकडे काही म्हणतच नव्हते.

सुई दिली, पांघरूण घातलं, दिवा मालवला आणि काचेमागे येऊन बसलो. विसाव्या मिनिटाला स्पीकरमधून आवाज आला. हळू, पण स्वच्छ.

"मोठ्या, आहेस का तिथे?"

सहा महिन्यांनी त्यांनी मला हाक मारली होती. आणि वीस वर्षांच्या सवयीने बोट माइकच्या बटणावर गेलं.

"बाबा, बोलू नका."

"धाकट्याला सांग..."

"बाबा, चित्र बिघडेल! पंचवीसच मिनिटं राहिलीत. मग बोला."

ते गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं.

वेळ संपताच मी आत धावलो. "बोला, काय सांगू धाकट्याला?"

अनोळखी माणसाकडे पाहावं तसं त्यांनी अदबीने माझ्याकडे पाहिलं. "पाणी," म्हणाले.

चित्र उत्तम आलं. जिथे साखर पोचून लाल-पिवळं दिसायला हवं तिथे निळं, पण निळं अगदी रेखीव. डॉक्टर खूश. "पेशंट फारच शांत होते वाटतं?"

"केलं त्यांना शांत," मी म्हटलं.

रविवारी मीच धाकट्याला घरी बोलावलं. बाबा शेजारच्या खोलीत झोपले होते.

"'धाकट्याला सांग', एवढंच?"

"पुढचं मी बोलू दिलं नाही."

"का?"

"नियम आहे."

तो हसला. "बाबांचा खरा वारस तूच, दादा." मग चमच्याने चहा ढवळू लागला. "शिवीच असेल. दुसरं काय असणार?"

"शिवी ते मोठ्याने देतात," मी म्हणालो. "हे हळू होतं."

हे मी बोलायला नको होतं. त्याने चमचा खाली ठेवला आणि उठून बाबांच्या उशाशी जाऊन बसला. आता तो रोज संध्याकाळी येतो, तासन्‌तास बसतो, त्यांच्या ओठांकडे बघत. शिवी समजून निदान घरी तरी गेला असता.