बंदुकीला जपलं

छावणीच्या दवाखान्यात खिडकीपाशी कंडोमची पेटी असायची. गावात फिरायला निघालेल्या जवानाने त्यातलं पाकीट उचलावं, एवढ्यासाठी. वारा सुटला की पेटी भराभर रिकामी व्हायची. सगळ्यांना ठाऊक होतं, पोरं ते रबर बंदुकीच्या नळीवर चढवतात. नळीत धूळ सापडली तर शिक्षा. माणसाच्या आत काय शिरलं, ते कोण बघतो?

मलमपट्टीवाला दादा थट्टेने म्हणायचा, "घ्या रे, तुमच्या नवरीला टोपी घाला."

लंबू सगळ्यांत टापटिपीचा. त्याची बंदूक आरशागत लखलखायची. आज तो दादासमोर बाकावर बसला होता. तळहातांवर तांबूस डाग उमटले म्हणून रक्त तपासलं, तर गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली.

"पण खाली झालेली ती जखम तर आपोआप भरली, दादा. दुखलीसुद्धा नाही."

"हा चोर तसलाच. पाऊलखुणा पुसतो नि घरातच दडतो. गावात गेलास त्या संध्याकाळी खिशात रबर नव्हतं?"

"एकच होतं." लंबूने मान खाली घातली. "सकाळी पहारा होता. धूळ उडत होती. म्हटलं, बंदुकीला राहू दे."

दादाने सुई उचलली. "त्यानंतर घरी गेलास?"

"सुट्टीवर."

"बायको?"

"तिला सातवा लागलाय."

सुई भरता भरता दादाचा हात थांबला. "पोटातल्या जिवाला पोचतं रे हे. सुईने बरं होतं, दोघांचंही. पण उशीर नको. आत्ता सांग तिला."

"तुम्ही सांगा ना. पाया पडतो."

"मी कोण लागतो तिचा? तूच सांग."

फोन लागला. पलीकडे ती हसत होती.

"आज बरी आठवण झाली? तुमचं लेकरू सकाळपासून परेड करतंय पोटात. बापावर गेलंय."

लंबूने फोन दोन्ही हातांनी धरला. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऐक. मला शिव्या दे, तोंड बघू नकोस माझं. पण आधी दवाखान्यात जा. रक्त तपासून घे."

"मला काय झालंय?"

"मला झालंय. गावात... बाईकडे गेलो होतो. माझ्यामुळे तुलाही झालं असेल."

हसू विझलं. वाऱ्यात पणती विझावी तसं, आवाज न करता.

"बाळाला?"

"सुई आहे. वाचतं म्हणतात."

"म्हणतात?"

तिने फोन ठेवला नाही, नुसता कुठेतरी टेकवला. मग ऐकू आलं, ती सासूला विचारत होती, "आई, माझ्या चपला कुठंयत?" आवाज फाटलेला. दार करकरलं. जड पावलं लांब लांब गेली.

लंबू फोन कानाशी धरून बसला. रिकाम्या घराचा आवाज ऐकत.

कोपऱ्यात त्याची बंदूक टेकवलेली होती. तोंडावर रबर, आत धुळीचा कणही नाही.