इनेसचं वय

ब्रियांदानं रेशमाच्या दोऱ्याची गाठ इनेसच्या पुढच्या दाताभोवती आवळली. दात हलत नव्हता. पाच वर्षांच्या पोरीचा दात हलणार तरी कसा?

"डोकं धर घट्ट," ती म्हणाली.

मेंसियानं पोरीचं डोकं पोटाशी दाबून धरलं. मेंसिया समोरच्या घरातली, जुन्या ख्रिस्ती घराण्यातली, इनेसची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी हिनंच पोरीला हातांवर घेतलं होतं, आणि तेव्हापासून पोर निम्मी तिच्याच उंबऱ्यावर वाढली होती.

"वडे तळणारीनं दात काढायला बसू नये," मेंसिया पुटपुटली.

"आणि स्वतःच्या तोंडात चार दात उरलेलीनं बोलू नये."

दोघी हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. ब्रियांदानं दोरा ओढला.

इनेस ओरडली नाही. हे आईनं केलं, एवढंच तिला उमजत नव्हतं. दुसऱ्या दाताला मात्र ती ओरडली.

सेविया शहराच्या चौकात दवंडी फिरली होती. ज्यांचे पूर्वज मुसलमान, त्यांनी राज्य सोडायचं. मग घराण्यात बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या का झाल्या असेनात. समुद्रापलीकडं मुसलमान मूरांच्या मुलखात जाणाऱ्यांनी सात वर्षांखालची लेकरं इथंच ठेवायची, ख्रिस्ती घरांत. लेकरं देवाची झाली होती म्हणे, आईबाप तेवढे परके. आणि साताला पुढचे दात पडतात, हे धक्क्यावरच्या शिपायांनाही ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्रियाना मोहल्ल्याच्या गल्ल्यांत बऱ्याच पोरांची तोंडं सुजलेली होती.

"आणि कुणाला शंका आलीच, तर मी आहे," मेंसियानं पोरीचे ओठ मिठाच्या पाण्यानं पुसत सांगितलं. "धर्ममातेच्या शपथेपुढं कुणाचं चालत नाही. आठ म्हणेन. झालंच तर नऊ."

"नऊ नको. उंची बघ की तिची."

"मग आठ."

सकाळी नदीवर धुकं होतं. बायकामुलांआधी पुरुषांना होड्यांत बसवत होते. इनेसचा बाप लोपे गाठोडी घेऊन जहाजावर चढलासुद्धा होता. कठड्याशी उभ्या पुरुषांत तो कुठला, ते खालून ओळखू येत नव्हतं.

मेजामागच्या कारकुनानं इनेसचं तोंड बोटानं उघडलं.

"जखम ताजी दिसते."

"पायरीवर आपटली, साहेब. पडायला आलेलेच होते."

"वय?"

"आठ," इनेसनं शिकवल्याप्रमाणे सांगितलं, आणि बरोबर म्हटलं ना, हे बघायला आईकडं पाहिलं.

कारकुनानं ते पाहिलं. "धर्ममाता कोण हिची?"

मेंसिया पुढं आली. तिनं मेजावरच्या क्रुसावर हात ठेवला, हात नीट सपाट केला.

"पाच," ती म्हणाली. "सान हुआनच्या सणाला सहा पुरी होतील."

ब्रियांदा हसली. मेंसियाची ही खोडच होती. मयतीलासुद्धा थट्टा करायची ही बाई. आता ती वळेल, डोळा मिचकावेल, कारकुनाला म्हणेल, आठ हो, म्हातारीची जीभ घसरली. ब्रियांदा हसू तोंडावर तसंच धरून वाट पाहत राहिली.

"पोरीला ठेवून घ्यायला कोणी..." कारकून विचारू लागला.

"मी," मेंसिया म्हणाली. त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत.

इनेसच्या खांद्यावरची ब्रियांदाची बोटं शिपायानं एकेक करून सोडवली. त्याला जोर लावावा लागला नाही. ती बोटं आपली आहेत, हेच जणू तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तू डोकं धरलं होतंस," ती एवढंच म्हणाली. "दोन्ही वेळा."

"धरलं होतं." मेंसियानं मान खाली घातली नाही. "पण क्रुसावर खोटं कसं बोलू गं? आणि खरं सांगू? नसता क्रूस तरी बोलले नसते. तिकडल्या किनाऱ्यावर पोरं कशी मरतायत, सगळं सेविया सांगतंय. तू जा. ही जगेल."

इनेसनं तोवर मेंसियाचा झगा धरला होता. रोज दुपारी धरायची तसाच.

होडीवाला हाका मारू लागला. बायका पाण्यात उतरत होत्या, कुणी रडत होतं, कुणी नुसतंच पाऊल कुठं ठेवायचं ते बघत होतं. ब्रियांदा जागची हलेना. मेंसिया जवळ आली, आवाज उतरवून म्हणाली,

"माझ्याकडं ती दुपारीच असायची. रात्री कशी झोपते, ते मला ठाऊक नाही."

ब्रियांदानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. या तोंडावर थुंकायचं, असं तिला वाटलं असावं. ओठ तसे हललेही. मग ती मेंसियाच्या कानाशी वाकली आणि आजवर दारं लावून, श्वासाइतक्याच आवाजात म्हटलेलं गाणं म्हणू लागली. अरबीतलं. ज्याचा एक शब्द ऐकला तरी माणूस धर्मन्यायालयापुढं उभा राही, ते.

नीज माझे सोनकळी, पाणी निजलं हौदात,
सावलीला झोप आली, नारिंगाच्या पानात.

मेंसियानं कारकुनाकडं पाहिलं. क्रुसाकडं पाहिलं. मग इनेसला कडेवर घेतलं आणि अर्थ न कळणारे ते शब्द, अडखळत, हळूच म्हणून बघितले.

"तसं नाही," ब्रियांदा म्हणाली. "दुसरी ओळ खाली उतरते. पुन्हा म्हण."