चाकवताच्या रांगेत

आमच्या संस्थेत निवृत्त झालेल्यांना जाळीघरात लावतात. मला लावले त्याला आता बराच काळ झाला. कुंडी ऐसपैस आहे, सकाळचे ऊन मिळते, पाणीही वेळेवर येते. तक्रार करावी असे काही नव्हते.

बकुळ नाईक शेजारच्याच कुंडीत आहे. ती पालकाच्या रांगेत, मी चाकवताच्या. आम्ही दोघींनी उभा जन्म पालेभाज्यांचे विषाणू पाहिले. संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला तेव्हा आमची तिशीही उलटली नव्हती. अंधाऱ्या खोलीतल्या हिरवट पडद्यावर पालकाचा विषाणू पहिल्यांदा उमटला तेव्हा बकुळ म्हणाली होती, "अगं, या तर शेवया!" तेव्हापासून सगळे त्यांना शेवयाच म्हणत, परदेशी पाहुण्यांसमोरसुद्धा. एकदा तिने तुलनेसाठी राखलेला निरोगी पालक उपटून घरी शिजवला आणि डब्यात आणला. प्रयोग बुडाला. भाजी मात्र अशी झाली होती की साहेबांनी रागवायच्या आधी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मग एका सकाळी बकुळच्या गालावर नक्षी दिसली. शिरा हिरव्या, मधली कातडी पिवळी.

हर्षद बोरवणकर पाहायला आला. तो आता संचालक आहे. पूर्वी माझा विद्यार्थी होता.

"नाईक मॅडम, जरा उजेडाकडे वळता का?"

"मला मुळं आहेत रे. तूच फिर."

तो तिच्याभोवती फिरला. "पिवळेपणा आहे."

"वय आहे," बकुळ म्हणाली.

"वयानं सगळं पान सारखं पिवळं पडतं. ही नक्षी आहे, मॅडम."

रोगट रोप उपटून जाळायचे असा नियम आहे. जाळीघरामागची भट्टी सतत पेटलेली असते. पण आधी खात्री लागते, आणि खात्रीसाठी चाकवत लागतो. रोगट पानाचा रस चाकवतावर चोळला की तेवढ्या जागी डाग पडतो. तेवढा भाग तो स्वतःच मारून टाकतो आणि विषाणूला पुढे जाऊ देत नाही. माझ्या दंडावर डाग उठले, तर बकुळ भट्टीत जाणार होती.

हर्षदने तिच्या कानाच्या पाळीचा तुकडा कापून खलात घोटला.

"दुसरी पाळी राहू दे हं," ती म्हणाली. "कुडी कुठे घालू मग?"

त्याने माझ्या दंडावर बारीक खरखरीत पूड भुरभुरली आणि बोटाने रस चोळला.

"हलका हात," मी म्हणाले. "पान फाटतं अशानं. किती वेळा सांगितलं होतं?"

"सॉरी, मॅडम."

त्या दिवसापासून जाळी आकसू लागली. आधी तिच्यातून पांढरी माशी येत नसे, मग वारा येईना, मग आवाजही गाळून येऊ लागला. लांब शब्द बाहेरच अडकत. छत केसांना टेकले.

दंडाला खाज सुटली. कातडी मरायला तयार होती, चाकवताची असतेच. मी तिला मरू दिले नाही.

"दमू, जाळ तेवढी कातडी आणि मोकळी हो," बकुळ म्हणाली. "कशाला माझ्यापायी?"

"गप्प बस."

"आडमुठी ती आडमुठीच राहिलीस."

मी शेवयांना आत घेतले. त्यांच्या वाटा मला पाठ होत्या, म्हणून मीच त्यांना शिरेच्या कडेने खांद्यापर्यंत नेले, तिथून मानेत, पाठीत, पायांत. अंग तापले, नखे पिवळी झाली, ती मी पदराखाली घेतली. दंड गुळगुळीत राहिला. शेवया मुळांत उतरल्या तेव्हा मुळे कुंडीच्या भोकातून बाहेर पडली आणि फरशीखालून बकुळकडे निघाली. मी त्यांना अडवले नाही.

हर्षद भिंग घेऊन आला. वाकून आला, कारण आता उभे राहता येत नव्हते.

"डाग नाहीत," तो म्हणाला. "असं होत नाही. चाकवतावर डाग पडतातच."

"मी दमयंती केळुसकर आहे."

"खात्री झाली नाही तरी नुसत्या शंकेवर उपटायचं, हे तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

"ते पालकाबद्दल."

"नाईक मॅडम पालकाच्याच रांगेत आहेत."

त्याने भिंग खिशात ठेवले, दोन्ही हातांनी बकुळची कंबर धरली आणि ओढले. ती वीतभर वर आली. तिच्याबरोबर माझी कुंडी सरकली आणि फुटली. मग मेथीच्या रांगेतले हिशेबखात्याचे टिपणीस एका बाजूला कलले.

"अहो, कोण ओढतंय?" ते ओरडले.

"संचालक," मी म्हणाले. "घट्ट धरून राहा."

त्याने पुन्हा ओढले. फरशा उचकटल्या. त्यांच्याखाली आमची मुळे एकमेकींत गुंतलेली होती, आणि ती जाळीघराच्या दाराखालून प्रयोगशाळेकडे गेली होती. तिकडे कपाटे पडल्याचा आवाज गाळून गाळून आला. छत त्याच्या पाठीवर टेकले.

"सोड, हर्षद," बकुळ म्हणाली.

त्याने खाली पाहिले. त्याच्या उजव्या बुटाची शिवण उसवली होती. आतून निघालेले केसाएवढे पांढरे मूळ आमच्या दिशेने ताणले गेले होते. त्याने पाय जरा हलवून पाहिला, कंबर आणखी घट्ट धरली आणि ओढले.