कप्तान मराठीत बोलायचा

रविवारी सकाळी रमाकांतरावांनी पेढ्यांचा डबा आणून फ्रिजवर ठेवला आणि लेकीला सांगितलं, की सुजय दुपारी येतोच आहे, तुझ्या मनात असेल तर जाताना डबा त्याच्या हाती दे, बख्शी का तालाबला त्याच्या घरी, आईला काय ते समजेल. नसेल मनात, तर डबा इथेच राहू दे, घरात कोणी चकार शब्द काढणार नाही. एवढं बोलून ते पेपर घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. माणूस रेल्वेचा इंजिनियर, पण घरात त्यांना पिवळा सिग्नल चालत नसे.

रुचाने मनातून तो डबा केव्हाच देऊन टाकला होता. सुजयला ती चौदा वर्षांची असल्यापासून ओळखत होती. त्याचे वडील हवाई दलात, घराणं साताऱ्याचं. मुलगा उंचापुरा, हजरजबाबी, नुकताच कानपूरला नोकरीला लागलेला. लखनौत मराठी घरं मोजकी, त्यात असं स्थळ आपण होऊन चालून आलेलं. रुचाची आई चारुलताबाई तर देव पाण्यात घालून बसल्या होत्या. आणि रुचाच्या लेखी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सुजय हा कप्तान होता.

हे कप्तान प्रकरण जरा नीट सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, रविवारी सकाळी टीव्हीवर 'बादलों का कप्तान' नावाची जपानी कार्टून मालिका हिंदीतून लागायची. ढगांतून उडणारं जहाज, त्यावर कप्तान रेंजो, नकाशे वाचणारी मिका आणि गोबू नावाचा गोलमटोल आचारी. पोरं वेडी झाली होती. पण नेमकी त्याच वेळी लखनौच्या महानगर मोहल्ल्यात वीज जायची, बख्शी का तालाबला तर ती आली की बातमी व्हायची. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीची लाइन वेगळी, तिथे पंखा कधी थांबत नसे. त्यामुळे मालिका पाहायची रुचाने, आणि बाकीच्यांनी ती ऐकायची अकरा वाजता, मराठी मंडळाच्या वर्गात.

हा वर्ग पंढरीनाथकाका घेत. मुलांना मराठी कळे सगळं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडे, आणि सुट्टीत गावी गेल्यावर आज्या कपाळाला हात लावत. काकांनी खूप धडे गिरवून घेतले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी युक्ती काढली, की आज कप्तानाने काय केलं ते सांगा, पण मराठीतून सांगा. हात एकट्या रुचाचा वर आला.

आता गंमत अशी, की रुचाचं मराठी म्हणजे आईचं मराठी. स्वयंपाकघरात जेवढं कानावर पडे तेवढंच तिच्याजवळ होतं. शिव्या दोन, 'गधडा' आणि 'शहाणाच आहेस'. त्यामुळे पडद्यावर कप्तान काहीही बोलून जावो, वर्गात तो गोबूला म्हणायचा, दमला असशील, जेवलास का रे? मिका रडायला लागली की म्हणायचा, उगी, मी आहे ना. काका डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, तुमचा कप्तान मोठ्या मनाचा आहे हो. जळत्या पुलाचा भाग रुचाने सांगितला तेव्हा तर वर्गात कोणाचा श्वास ऐकू येईना. गोबू पुलाच्या पलीकडे अडकलेला, जहाज सुटायला निघालेलं, आणि कप्तान आगीतून मागे धावतो व म्हणतो, तुला सोडून मी कुठे जाणार, वेड्या? काकांनी चष्मा काढून पुसला होता.

त्या दिवसापासून सुजय कप्तान झाला, रुचा मिका झाली आणि नंदकुमार गोबू झाला. नंदकुमार जाड होता, एवढं कारण पुरलं. त्याला कोणी विचारलं नाही. पुढे मालिका संपली, वर्ग संपला, काका नोकरी संपवून वाईला गेले, पण ही नावं मात्र चिकटली ती चिकटलीच.

एव्हाना घरोघरी केबल आली होती आणि दिवसभर कार्टून दिसत होती. तरी ही चौकडी जमली, की 'कप्तान'ची सर कशालाच नाही, यावर एकमत व्हायचं. चौथी नेत्रा, तिचं तेवढं म्हणणं, की आज पाहिली तर पोरकट वाटेल, आठवणीत आहे तेच बरं. रुचाला ते फार झोंबायचं. आणि त्या आठवड्यात नंदकुमारच्या दिल्लीच्या मामांनी माळ्यावर सापडलेल्या चार व्हिडिओ कॅसेट पाठवल्या. मामांनी सगळी मालिका टिपून ठेवली होती. मग ठरलं, की रविवारी रुचाकडे जमायचं, सगळ्यांनी मिळून पाहायची आणि काय तो निकाल लावायचा. रुचाला वाटलं, पेढ्यांच्या दिवशी 'कप्तान' पाहायला मिळणं हा शकुनच.

दुपारी तिघंही आले. आईने थालीपिठं लावायला घेतली. सुजयने सतरंजीवर ऐसपैस बसून पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आंटी मक्खन में इतनी कंजूसी क्यों करती हैं? मुँह छिल गया यार."

आतून आईने विचारलं, "काय म्हणतोय ग?"

"आवडलंय त्याला. लोणी आणखी चालेल म्हणतोय," रुचाने सांगितलं.

आई पंधरा वर्षं लखनौत होती, पण तिचं हिंदी सब्जीवाल्या भैयापाशी सुरू होऊन दूधवाल्यापाशी संपायचं. पोरांचं भरभर बोलणं तिच्या डोक्यावरून जाई. मग ती आतून विचारणार आणि रुचा सांगणार, हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. सुजयला लोणी आवडतं हे ऐकून आई खूश झाली आणि मोठा गोळा घेऊन बाहेर आली.

कॅसेट लागली. रुचाने वर्गात शिकवलेल्या गाण्याचे सूर आले तसे चौघंही ओरडून गायले. रुचाच्या अंगावर काटा आला. तो पहिली दहा मिनिटंच टिकला.

चित्रं भिकार होती. तेच ढग पुन्हा पुन्हा सरकत होते, तोंडं नुसती उघडमीट करत होती. पण ते एक वेळ चाललं असतं. कप्तान रेंजो आला तोच मुळी गोबूच्या पाठीत लाथ घालून. गोबू रश्श्याच्या पातेल्यात तोंडावर पडला आणि त्याच्या नाकातून शेंबडाचा फुगा निघाला. कप्तान त्या पातेल्यात थुंकला आणि म्हणाला, "अब पी इसको, मोटे." गोबू प्यायला. मागे हसण्याचा आवाज टाकलेला होता. रुचाने हातातला थालीपिठाचा घास ताटात परत ठेवला.

पुढच्या भागात तेच, त्याच्या पुढच्या भागात तेच. प्रत्येक भागात गोबूने कुठेतरी ओकायचं आणि कप्तानाने त्याचं डोकं त्यात दाबायचं. राक्षसाला बाहेर काढायचं तर गळाला गोबू. मिका एकदा नको म्हणाली तर कप्तानाने तिच्या खाडकन मुस्कटात मारली आणि ती बया गाल धरून लाजली. लाजली! रुचाला शिसारी आली. ही बाई होण्यात तिने सात वर्षं धन्यता मानली होती.

नेत्रा हळूच म्हणाली, की ही तीच मालिका आहे ना, मामांनी दुसरीच काही पाठवली नसेल ना? नंदकुमार पडद्याकडे न पाहता ताटातला कण न् कण वेचून खात होता. हसत होता एकटा सुजय, अगदी मांडीवर थापा मारून. तो म्हणत होता, की लोक उगाच बदनाम करतात, असली चीज आहे, वर्गात ऐकली त्याहून जास्त मजा येते. मधेच चित्र हलायला लागलं तेव्हा त्याने नंदकुमारच्या कमरेत पाय खुपसला आणि सांगितलं, "उठ बे गोबू, ठीक कर. और पानी भी लेते आना." नंदकुमार उठला, त्याने चित्र ठीक केलं, पाणी आणलं. रुचाने हे हजार वेळा पाहिलं होतं. आज तिला ते ऐकूही आलं.

तिने जळत्या पुलाचा भाग लावायला सांगितला. अजून तिला आशा होती. बाकी सगळं घाण निघालं तरी पूल खरा असेल, काकांनी चष्मा पुसला होता तो काही उगाच नाही, असं तिला वाटत होतं.

पूल आला. आग लागली. गोबू पलीकडे अडकला आणि कप्तान खरंच मागे धावला. रुचा सरसावून बसली. कप्तान धापा टाकत गोबूपाशी पोचला, त्याच्या पाठीवरचा तेलाचा डबा ओढून घेतला आणि म्हणाला, "डिब्बा छोड़, फिर आराम से मर." डबा घेऊन तो परत पळाला. गोबू वाचला, पण पूल कोसळताना योगायोगाने एका दोराला लोंबकळला म्हणून. त्यावरही मागे हशा.

म्हणजे तो मायेचा शब्द कप्तानाने उच्चारलाच नव्हता. तो रुचाचा होता. खरं तर तिच्या आईचा, शाळेतून उशिरा आलेल्या रुचाला दारात जवळ घेऊन म्हटलेला. चौदाव्या वर्षी कप्तानाचं बोलणं मराठीत कसं म्हणायचं ते रुचाला येत नव्हतं, म्हणून तिने त्याच्या तोंडी आपल्या घरातलं चांगलंचुंगलं भरलं होतं आणि सांगून सांगून, डोळ्यांनी पाहिलेलं विसरून, त्याच्यावरच जीव टाकला होता. तिला स्वतःचीच किळस आली. कारण चौदाव्या वर्षी शब्द नव्हते, हे ठीक. आज लोण्याच्या बाबतीत काय नव्हतं तिच्याजवळ?

एकदा सुरुवात झाली तसं सगळंच आठवत गेलं. गेल्या दिवाळीत बाबांच्या स्कूटरला सुजय खटारा म्हणाला होता, ते तिने 'मजबूत आहे म्हणतोय' असं सांगितलं होतं. तिच्या एम.ए.ला तो टाइमपास म्हणाला होता, ते 'शिकू दे म्हणतोय' झालं होतं. आईबाबांना जो जावई पसंत होता तो सुजय नव्हताच. तो रुचाने घरबसल्या मराठीत तयार केलेला मुलगा होता, आणि सगळ्यांत आधी तो तिने स्वतःलाच विकला होता.

तिने टीव्ही बंद केला. सुजयने काय झालं विचारलं तेव्हा ती म्हणाली, की हे गलिच्छ आहे, माझ्याने बघवत नाही, आणि नंदकुमारला तू पुन्हा गोबू म्हणायचं नाहीस.

सुजय हसला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी लाडाने हसला. "शुरू हो गई अपनी मम्मी की तरह," तो म्हणाला. "अभी से बता देता हूँ मिका, शादी के बाद ये नाटक नहीं चलेगा. उसका दिमाग भी एक थप्पड़ से ही ठिकाने आया था."

नेत्रा सतरंजीचे धागे उपटत बसली. आतून आईचा आवाज आला, रोजच्यासारखा, तव्यावरच्या चर्र आवाजाहून मोठा. "काय म्हणतोय ग सुजय?"

रुचाला शब्द शोधावे लागले नाहीत.

"तो म्हणतोय, आईसारखीच कटकट सुरू झाली हिची. लग्नानंतर ही नाटकं चालायची नाहीत. त्या कार्टूनमधल्या मुलीचंही डोकं एका थोबाडीत ठिकाणावर आलं होतं."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. व्हरांड्यात पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. सुजय घाईघाईने म्हणाला, "आंटी, मजाक था, आप तो जानती हैं." एवढं हिंदी आईला कळत होतं. पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आणि मघाशी थालीपिठाचं काय म्हणाला होता?" तिने रुचाला विचारलं.

"लोण्यात कंजुषी करता म्हणाला. तोंड सोललं म्हणाला."

आईने मान हलवली. या एका मान हलवण्यात किती वर्षांचं मागचं सगळं बोलणं ती पुन्हा ऐकत होती, कोण जाणे. रुचाला वाटलं, आता विचारेल, स्कूटरचं काय म्हणाला होता, शिक्षणाचं काय म्हणाला होता. विचारलं असतं तर रुचाने सगळं सांगितलं असतं. पण आईने वाकून सुजयच्या पुढचं ताट उचललं.

सुजय उठला, त्याने बूट घातले आणि दाराशी जरा रेंगाळला. फ्रिजवरच्या डब्यावर त्याची नजर गेलेली रुचाने पाहिली. त्याच्या आईने त्याला काय ते सांगितलं असणार. रुचा उठली, तिने डबा खाली काढला, त्याची दोरी सोडली आणि झाकण उघडून तो सतरंजीवर पुढे सरकवला.

"घे रे नंदकुमार," ती म्हणाली.

सात वर्षांत तिने त्याला या नावाने पहिल्यांदाच हाक मारली होती. नंदकुमारने सवयीने आधी सुजयकडे पाहिलं. मग त्याने दोन पेढे उचलले.