शेरडीनं केलेलं शेरडीनंच निस्तरावं

शेरडीनं डबा लवंडला तेव्हा सायली आपल्या वर्षभराच्या लेकीच्या, चिंगीच्या तोंडातून खडा काढत होती. तिच्या नवऱ्यानं, रविराजनं, ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑईल लाकडांना वाळवी लागू नये म्हणून जपून ठेवलं होतं. ते सगळं अंगणात पसरलं. नेमकं तिथंच, जिथं चिंगी रांगत जाऊन माती खायची.

वर मुरूम टाकू, विषय संपला, असं रविराज म्हणाला. सायलीचा संपला नव्हता, कारण चिंगी मुरूमही उकरायची. तिला बीएस्सीचं काहीबाही आठवलं, उरलेलं तिनं मोबाईलवर वाचून काढलं. त्या तेलकट मातीत शेरडीच्या लेंड्या आणि कोंबडखत मिसळायचं, ओल ठेवायची, खुरप्यानं हलवत राहायचं. मातीतले जीव हळूहळू तेल खाऊन टाकतात. दंड शेरडीनंच भरायचा, हे रविराजला फार पटलं. सायलीनं भोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं आणि कामाला लागली.

दसऱ्याच्या तोंडावर चिंगीला डोस देऊन ती चौसाळ्याहून परतली, तर फांद्या बाजूला आणि अंगण गुळगुळीत. सासूबाईंनी, वनमालाबाईंनी, डागासकट सगळं शेणानं चोपून सारवलं होतं. वर रांगोळी.

"आत्या, त्या मातीला हवा लागायला पायजे."

"अन् सणाला दारात उकिरडा? लोक म्हणतील, सून लई शिकलेली हाय."

मग सायली सकाळी उकरायची, सासूबाई संध्याकाळी सारवायच्या. शेवटी सायलीनं गुपचूप मूठभर ज्वारी त्या मातीत कालवली. सासूबाईंच्या लाडक्या कोंबड्यांनी दिवसभर पाय मारून सारवण उधळलं. कोंबड्यांना बोलणार कोण? सायली मनातून खूश होती. फक्त अंडी तिनं चिंगीला द्यायची बंद केली.

वनमालाबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. "लेकराचं अंडं कावून बंद केलं गं?"

सायलीला खोटं जमेना. ज्वारीसकट सगळं सांगून टाकलं: कोंबड्या तेलाची माती टोचतात, तेच अंड्यात उतरलं तर?

 सासूबाईंनी कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, फांद्या परत रचल्या आणि खुरपं उचललं. त्या दिवसापासून सारवण डागाच्या कडेला येऊन थांबू लागलं. शेजारणीनं विचारलं की त्या सांगायच्या, औषध चालू हाय.

माती कितपत साफ झाली ते कळावं म्हणून सायली अधूनमधून त्यात ज्वारी पेरून बघायची. आधी दाणे कुजले, मग पिवळे कोंब आले नि माना टाकून गेले. होळीच्या सुमाराला हिरवेगार आले. सगळ्यांची नजर चुकवून चिंगी फांदीखालून घुसली आणि एक कोंब मुळासकट तोंडात घातला.

सायली धावली. तोंडातून माती काढून हुंगली. तेलाचा वास नव्हता. सासूबाईंनीही हुंगली.

"झालं की गं साफ. काढ त्या फांद्या."

"अजून एकदा पेरू, आत्या. वासावर कसा भरवसा ठेवायचा?"

"म्हंजे पाडव्यालाबी उकिरडाच?" असं म्हणत वनमालाबाईंनी चिंगीला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं, चिंगी घुसली होती तिथं आणखी एक काटेरी फांदी दाबून बसवली.