चिमणी, टाकी आणि तीन फूट पाणी

हुश्श! सुटलो एकदाचा. बायको म्हणते, चारचौघांत एवढी शोभा झाली आणि हसताय काय? अगं, हसू नको तर काय करू?

आज बंदर खात्याचे साहेब आमची फेरीबोट तपासायला आले होते. पलीकडे जायला तीन फूट पाणी मिळालं तर बोट चालू, नाहीतर बंद. म्हणजे पलीकडच्यांना दवाखान्यासाठी दोन तासांचा वळसा आणि आम्ही बापलेक घरी माश्या मारणार.

तीस वर्षं मी बोट चालवतोय. गिरणीची चिमणी आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली की खाली खोल पाणी, हे माझ्या बापाने शिकवलेलं. पण गेल्या दोन वर्षांत चारदा तळ घासला. कुणाला बोललो नाही. वाटायचं, म्हातारा झालास बाबा, नजर गेली, हात गेला. रोज सकाळी घाबरतच बोट सोडायचो.

आजही चिमणी-टाकी जुळवली आणि खर्रर्र! भर नदीत, चाळीस माणसं आणि साहेबांसकट गाळात रुतलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक बोटीवर दोर सांभाळते. तिने बांबू उचलला आणि सरळ पाण्यात उतरली. "अगं बाई, वर ये!" मी ओरडलो. ऐकेल तर शपथ! तळ चाचपत निघाली. "दोन फूट! अडीच! बाबा, तीन! इकडे आणा!" माणसं मागे सरकवली, इंजिन उलटं फिरवून बोट सोडवली आणि तिच्या मागोमाग पार नेली.

धक्क्यावर साहेबांनी नकाशा उघडला. "काका, नजर तुमची ठणठणीत आहे. धारच दोनशे फूट सरकलीय. हल्ली महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो, प्रत्येक पूर नव्या जागी गाळ टाकतो, मग उन्हाळ्यात नदी आटते. जुन्या खुणांचा काय दोष?" बोट चालू ठेवली. अट एकच, रोज पहिल्या फेरीआधी तळ मोजायचा.

मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. दोन वर्षं उगाच स्वतःला खात होतो.

लेकीला म्हटलं, "उद्यापासून सुकाणू तू धर. तुला कळतो तळ."

"मला कुठे कळतो?" ती ओढणीचा ओला पदर पिळत म्हणाली. "मीही रोज घाबरतेच, बाबा. आता दोघं मिळून घाबरू की!"